लुंगसेईची चूल

दारछुंगा वीस वर्षांनी जंगलातून घरी आला आणि चौथ्या दिवशी त्याचं बायकोशी वाजलं.

आला तेव्हा सप्टेंबर होता. मक्याची कणसं आढ्याला टांगून झाली होती, डोंगरउतारावरचं भात अजून हिरवं होतं. जूनच्या शेवटी दिल्लीत कागदावर सह्या झाल्या, बंदुका खाली ठेवायचं ठरलं, आणि भूमिगत मिझो पोरं ट्रकांतून आपापल्या गावी उतरायला लागली. पोरं म्हणायची आम्हाला सवय, एरवी सगळ्यांचे केस पिकलेले. आमच्या ख्वाथारला एकटा दारछुंगा उतरला. गावाने बांबूची कमान केली, शाळेतल्या मुलींनी गाणं म्हटलं, ग्रामसमितीचा अध्यक्ष ल्यानझामा भाषणात त्याला सात वेळा कॅप्टन म्हणाला. गर्दीत सापतोनी म्हातारी होती. तोंडात तंबाखूच्या पाण्याचा घोट धरून ती पुढे सरकली, घोट थुंकला आणि म्हणाली,

"काय रे, तुम्ही देश आणणार होतात ना? आता म्हणे राज्य देणारेत. दोन्हीत फरक काय?"

"थोडासा आहे, पी," दारछुंगा म्हणाला. पी म्हणजे आजी.

"थोडासा? मग वीस वर्षं कशाला लागली?"

दारछुंगा म्हातारीकडे बघत राहिला आणि मोठ्याने हसला. पहिल्याच दिवशी तो हसला म्हणून गावाला हायसं वाटलं.

मी रोकिमा. दारछुंगा आणि मी जुन्या लुंगसेई गावात शेजारीशेजारी वाढलो. सहासष्ट साली भाताच्या निंदणीत तो खांद्यावर झोळी टाकून गेला आणि मी राहिलो. का राहिलो असं कोणी विचारलं तर मी गुडघा दाखवतो. त्याची बायको थुआमी माझी चुलतबहीण. मला ती ऊ म्हणते, थोरल्या भावाला म्हणतात तसं, पण माझं ऐकलेलं मला आठवत नाही.

पहिले तीन दिवस बरे गेले. तो भिंतीला पाठ लावून बसायचा. घरात चालताना त्याच्या पावलांचा आवाज व्हायचा नाही, त्यामुळे थुआमी दोनदा दचकली आणि एकदा तिच्या हातून ताट पडलं. मुलगी झुआली एकोणीस वर्षांची. तो गेला तेव्हा ती पोटात होती आणि ते थुआमीलासुद्धा ठाऊक नव्हतं. बापाला काय म्हणून हाक मारायची हे झुआलीला सुचत नव्हतं. ती पेला समोर ठेवायची आणि नुसतं "चहा" म्हणायची.

चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मोहरीचा पाला, धुरावर वाळवलेलं डुक्कर, मिरची.

"भात एका बाजूनं लागलाय," दारछुंगा म्हणाला.

"आमची चूल तशीच आहे," थुआमी म्हणाली.

तो थोडा वेळ जेवला आणि मग अंगणात उभं राहून हुकूम द्यावा तशा आवाजात म्हणाला, "कापणी झाली की आपण हलायचं. लुंगसेईला घर बांधतो."

"कोण आपण?"

"तू, मी, मुलगी. वीस वर्षं रोज रात्री मी ते गाव डोळ्यांपुढे आणलंय. कुठल्या घरापुढे कुठला दगड होता ते सांगू शकतो. सरकारनं हाकललं म्हणून आपण या रस्त्याकडेला आलो. आता कोण अडवतंय?"

"इथं नळ आहे," थुआमी म्हणाली. "शाळा आहे. झुआली त्या शाळेत शिकवते. माझी आई इथल्या मातीत आहे. लुंगसेईत काय आहे? अस्वल?"

"आपलं घर आहे."

"ते जळालं."

"जागा तर आहे."

"मग जागेत राहा," असं म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. आमच्याकडे बायका चिडल्या की जास्त वाढतात.

इथे एवढं सांगायला हवं, की सदुसष्टच्या फेब्रुवारीत वरून हुकूम आला आणि लुंगसेईसारखी पाच गावं एका दिवसात उठवून या मोटाररस्त्यावर आणून वसवली. सकाळी सांगितलं, दुपारपर्यंत निघा. जे पाठीवर मावेल ते घ्या. आम्ही शेवटच्या वळणावर असताना मागे गावाचा धूर दिसला. नऊ मैलांची वाट, आधी ओढ्यापर्यंत उतार आणि मग इकडची उभी चढण. मी माझ्या म्हाताऱ्या बापाला पाठुंगळी आणलं. बाप सबंध वाटभर मला नीट चालायला शिकवत होता, त्यामुळे इतरांनी काय आणलं हे बघायची मला उसंत मिळाली नाही.

नोव्हेंबरात कापणी आली. आमच्याकडे सावडीने काम चालतं. आठ-दहा घरांची एक टोळी, आज तुझं शेत, उद्या माझं. थुआमीच्या घरातून वीस वर्षं बाईमाणूसच जायचं. या वर्षी दारछुंगा उठला, विळ्याला धार लावली आणि झुआलीच्या शेजारची ओळ धरली.

सुरुवात त्याने जोरात केली. सूर्य दोन हात वर येईपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता आणि बाकीचे एकमेकांकडे बघून हसत होते, कारण उतारावरचं भात जोराने कापायचं नसतं, दिवसभर कापायचं असतं. मग त्याची पाठ धरली. बोटाच्या पेरात फोड आला, फुटला, विळ्याची मूठ चिकट झाली. दोन्ही बाजूंच्या मुली गाणं म्हणत वर सरकल्या आणि त्याची ओळ मध्येच मागे राहिली. खालच्या बांधावरूनसुद्धा ते दिसत होतं.

दुपारी तो झऱ्यावर पाणी प्यायला गेला. परत आला तर त्याची ओळ कापून, पेंढ्या बांधून तयार. मुली आपापल्या जागी खाली मान घालून कापत होत्या.

"माझी ओळ कोणी कापली?"

विळे चालतच राहिले. आमच्याकडे मदत करायची ती न विचारता, आणि केली हे कळू द्यायचं नाही. लहानपणापासून हेच शिकवतात आणि दारछुंगा यात सगळ्यांत पुढे असायचा. सबंध लुंगसेईत विधवांची लाकडं पहाटे कोण फोडून ठेवतं हे कोणाला कळायचं नाही, पण मला कळायचं, कारण कुऱ्हाड माझी असायची. तोच माणूस आता फुटक्या फोडाकडे बघत उभा होता. घेणाऱ्याच्या बाजूला तो पहिल्यांदाच उभा राहिला होता आणि ते त्याला झेपत नव्हतं. तो पलीकडच्या तुकड्यात गेला आणि अंधार पडेपर्यंत एकटाच कापत राहिला.

संध्याकाळी धान्य पाठीवर घरी न्यायचं. डालग्याचा पट्टा कपाळावर घ्यायचा, मान ताठ ठेवायची, गुडघ्यांतून चालायचं. ही कपाळाची सवय असते. वीस वर्षं खांद्यावर झोळी आणि बंदूक वाहिलेल्या माणसाच्या मानेला ती राहत नाही. दर वळणावर दारछुंगा डालगं दगडावर टेकवायचा. झुआलीच्या पाठीवर त्याच्याहून मोठं डालगं होतं. ती पुढे जाऊन थांबायची आणि पायात काटा मोडल्यासारखं करत तळवा बघत राहायची. एका संध्याकाळी तिच्या पायात सहा वेळा काटा मोडला.

"तुझ्या मुलीचे पाय फार नाजूक आहेत," मी म्हणालो.

"समजतं मला," दारछुंगा म्हणाला.

नाताळ झाला. चर्चच्या मैदानात गावजेवण झालं, चार डुकरं पडली. दुसऱ्याच आठवड्यात तो कोयता घेऊन लुंगसेईला निघाला. मीही गेलो. एकट्याला सोडवेना, आणि खरं सांगायचं तर मलाही गाव बघायचं होतं.

बघायला काही नव्हतं. बांबू, वेली, मुंग्यांची वारुळं. पण तो सरळ चालत गेला आणि एका ठिकाणी थांबून म्हणाला, "हा तुमचा ओटा." मी पाल्यात पाय घातला तर खाली खरंच आमच्या ओट्याचा सपाट दगड. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर ढकललं. धूर नव्हता, तरी त्याने मान डोलावली. त्याच्या घरामागचं संत्र्याचं झाड जिवंत होतं, फळांनी वाकलेलं. आम्ही तिथे बसून चाळीस-पन्नास संत्री खाल्ली, कोवळ्या पोरांसारखी एकमेकांच्या अंगावर सालं फेकली.

मग तो कामाला लागला. रोज पहाटे जाऊन घराची जागा साफ करायची, पक्के बांबू तोडून रचायचे. पंधरा दिवसांत ऐंशी बांबू झाले. हात आता टणक झाले होते.

इकडे गाव पेचात सापडलं. आमच्याकडे कोणी घर बांधायला काढलं की प्रत्येक घरातून एक माणूस जातो. बोलवावं लागत नाही, बोलवायला लागलं तर गावाला लाज. पण या घराला गेलं तर थुआमीचा संसार मोडायला मदत केल्यासारखं, आणि नाही गेलं तर कॅप्टनला एकटं टाकल्यासारखं. म्हणून जानेवारीत ख्वाथारच्या सगळ्या पुरुषांना एकाएकी कामं निघाली. कोणाची कुंपणं पडली, कोणाचे दात दुखले.

अध्यक्ष ल्यानझामा मध्यस्थीला गेला. दिल्लीचा करार त्याने पेपरात तीनदा वाचला होता, त्यामुळे आपल्याला ते जमेल असं त्याला वाटत होतं.

"झुआलीच्या आई," तो म्हणाला, "दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडायला लागतं."

"पू ल्यानझामा, मी वीस वर्षं सोडलीत. आता त्याच्या बाजूनं मोजायला सुरुवात करा," थुआमी म्हणाली. पू हे मोठ्या माणसाला मानाने म्हणायचं; तेवढा मान आणि चहा घेऊन ल्यानझामा परत आला.

मला मात्र तिने मागच्या ओसरीवर अडवलं. ती डुकराला पाला कापत होती आणि हात थांबला नाही. "ऊ, तुला सांगते. तो देशासाठी गेला होता म्हणून मी थांबले. लोक म्हणायचे मेला असेल, दुसरं लग्न कर. मी थांबले. आता नऊ मैलांसाठी सोडून जाणार असेल तर नाही थांबायची. घरात त्याची चटई घालणार नाही मी. सांग त्याला."

"तूच सांग की."

"मी का? आल्यापासून त्यानं मला काही विचारलंय? ओढे विचारले, झाडं विचारली, कोण मेलं कोण जगलं ते विचारलं. मी कशी राहिले ते नाही विचारलं."

कोयत्याखाली पाला बारीक, फार बारीक होत चालला होता. मी पाल्याचं डालगं उचलून डुकरापाशी नेलं.

जानेवारीच्या शेवटी चुलीची भानगड सुरू झाली. दारछुंगाची आई म्हणायची, घर हललं तरी चुलीचे दगड तेच न्यावेत, नाहीतर नव्या घरात अन्न अंगी लागत नाही. तिचं हे बोलणं त्याला आता आठवलं. त्याच्या चुलीचे तीन दगड त्याने स्वतः लग्नाच्या वर्षी नदीतून आणले होते. घराची जागा त्याने गुडघाभर खणली. खांबांची भोकं सापडली, कोळसा सापडला, त्याच्या बापाच्या चिलमीचं तोंड सापडलं. दगड नव्हते.

"चोरले," तो म्हणाला.

"अरे, चुलीचे दगड कोण चोरतं?"

"चांगले होते. ओढ्यापलीकडच्या गावाची झोपडी आहे शेतात, त्यांचंच काम."

वीस वर्षं माग काढत हिंडलेला माणूस. तो ओढ्यापलीकडे गेला, शेतातल्या झोपडीत शिरला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, जरा भांडं उतरव. तो बिचारा घाबरून उतरवायला लागला. मग पुढच्या प्रत्येक झोपडीत तेच. दारछुंगा गुडघ्यांवर बसून चूल न्याहाळायचा, दगडावरून अंगठा फिरवायचा, मान हलवून उठायचा आणि आभार मानून निघायचा. एकाचे तीनही दगड त्याने उपटून, उलटे करून पाहिले आणि परत बसवताना माती नीट लिंपून दिली. आठवडाभरात त्याने अशा अकरा चुली पाहिल्या. पंचक्रोशीत बोभाटा झाला, की ख्वाथारचा कॅप्टन लोकांची भांडी उतरवत फिरतो, बहुधा नव्या राज्याचं खातं असेल.

थुआमीला हे कळलं तेव्हा ती विणता विणता इतकी हसली की मागाचा धागा तुटला. मग डोळे पुसून तिने धागा जोडायला घेतला.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" झुआलीने विचारलं.

"काही नाही. तुझ्या बापाची नजर फार तीक्ष्ण आहे," ती म्हणाली.

शेवटी ख्वाथारमधल्याही चुली त्याने पाहायला घेतल्या. एका रविवारी चर्चहून येताना तो सापतोनी म्हातारीकडे शिरला. मला त्याने बाहीला धरून बरोबर नेलं, एकट्याला लाज वाटत असावी. म्हातारी लुंगसेईचीच. तिने चूल बघू दिली. भांडं स्वतः उतरवलं, तंबाखूच्या पाण्याचा घोट घेतला आणि तो उठेपर्यंत तोंडात धरून ठेवला.

"झालं समाधान?"

"तुमचे नाहीत, पी. माफ करा."

"कॅप्टन," ती म्हणाली, "त्या दिवशी लुंगसेईतून कोणी काय उचललं ते माहीत आहे का तुला? मी कोंबडी उचलली. वाटेत मेली. या रोकिमानं बाप उचलला."

"तो नाही मेला," मी म्हणालो.

"नाही, फार बोलायचा. तर ते असो. तुझ्या बायकोच्या मागं मी चालत होते. तिनं काय उचललं?"

दारछुंगाने पुन्हा चुलीकडे पाहिलं.

"सगळ्या मुलखाच्या चुलींना विचारलंस. बायकोला विचारलंस का?"

तो निघाला. मीही मागे गेलो, मला बोलावलं नव्हतं तरी. थुआमी चुलीपाशी बसून चहाचं पाणी चढवत होती. झुआली खिडकीत वह्या तपासत होती. तो दारातच थांबला.

"थुआमी, लुंगसेईतून तू कशी आलीस?"

तिने वर पाहिलं. हा प्रश्न यायला पाच महिने लागले होते. ती घाईत नव्हती.

"चालत."

"काय घेऊन?"

"तांदूळ आईनं घेतला. पांघरुणं धाकट्या बहिणीनं. माझ्या डालग्यात दुसरं काही मावलं नाही."

ती उठली. फडक्याने पातेलं धरून बाजूला ठेवलं, निखारे चिमट्याने मागे सारले आणि कोयत्याच्या टोकाने चुलीची माती उकरायला लागली. वीस वर्षांची लिंपलेली माती, पापुद्र्यावर पापुद्रा. डावीकडच्या दगडाचा पाया उघडा झाला. वरून तो काजळीने काळा होता, खाली मात्र नदीच्या दगडाचा हिरवट रंग तसाच होता आणि एक कोपरा तुटलेला होता. तो कोपरा दारछुंगानेच तोडला होता. लग्नानंतर दगड नीट बसावा म्हणून त्याने कोयत्याच्या पाठीने ठोकला आणि टवका उडाला. तेव्हापासून त्या चुलीवर भांडं कलतं आणि भात एका बाजूने लागतो.

तो गुडघ्यांवर बसला. अंगठा तुटलेल्या कोपऱ्यावरून फिरला. पाच महिने रोज दोनदा त्याने या चुलीवरचा भात खाल्ला होता आणि रोज तो करपला म्हणून सांगितलं होतं.

"दगड कशाला आणलेस, वेडे?" त्याने विचारलं.

"पितळी घंटा तुझ्या बापाची, हंडा तुझ्या आईचा, बंदूक तू घेऊन गेलास. तू स्वतः आणलेलं घरात एवढंच होतं."

"जड आहेत."

"होते खरे. सातवा महिना होता मला."

खिडकीतल्या झुआलीची लेखणी थांबली. तिलाही हे ठाऊक नव्हतं. मी छताकडे बघत होतो. छताला बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"नऊ मैल," दारछुंगा म्हणाला. बराच वेळ तो त्या दगडावर हात ठेवून बसला. दगड गरम होता, पण हात काढला नाही. "किती वेळा टेकवलंस?"

"सात वेळा," थुआमी म्हणाली. "आता सरक, चहा व्हायचाय."

लुंगसेईच्या घराचं त्या दिवशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारछुंगाने स्वतः माती मळून चूल लिंपली. तुटक्या कोपऱ्याखाली खापरीचा तुकडा घालून भांडं सरळ करू का, असं त्याने विचारलं. थुआमी म्हणाली, राहू दे, हात बसलाय. मग तो म्हणाला, "हे घर तिघांना लहान पडतं. मागं एक खोली काढू. बांबू तिकडं आहेत ते इकडं आणतो."

"ऐंशी बांबू? एकटा?"

"हळूहळू."

"आण," थुआमी म्हणाली. थोड्या वेळाने चुलीकडे बघतच म्हणाली, "पू ल्यानझामाला सांगितलंय मी. पुढच्या वर्षी जंगल जाळून पेरायचा झूमचा तुकडा लुंगसेईच्या उतारावर मागणार आहे. संत्र्याजवळ."

दारछुंगाने यावर काय केलं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की मी चहा अर्धा टाकून घरी आलो.

राज्य व्हायचा दिवस वीस फेब्रुवारी ठरला होता. ऐझॉलला मोठा समारंभ होता. आमच्याकडे शाळेच्या मैदानात झेंडा, मुलांना बिस्किटं आणि कॅप्टनचं भाषण. ल्यानझामाने तसं फळ्यावर लिहिलंही होतं. पण आदल्या दिवशी संध्याकाळी गावात एक बातमी पसरली, की कॅप्टन पहाटे लुंगसेईला जाणार, बांबू इकडे आणायला, आणि घर इथेच वाढणार. कोणी कोणाला काही बोललं नाही. सकाळी उजाडायच्या आत मी दोर आणि पट्टा घेऊन बाहेर पडलो तर वाटेवर साठ माणसं. कुंपणं उभी राहिली होती, दात बरे झाले होते. ल्यानझामाच्या गळ्यात रेडिओ होता.

"भाषणाचं काय?" मी विचारलं.

"कॅप्टन तिकडं, मग भाषणही तिकडंच," तो म्हणाला. "बिस्किटंही घेतलीत."

दारछुंगा आमच्याआधी पोचला होता. साठ माणसं बांबूंतून येताना बघून त्याने तोंड फिरवलं आणि कोयत्याची धार तपासत बसला. या वेळी माझी ओळ कोणी कापली असं विचारलं नाही. आम्ही बांबू बांधले. त्याने स्वतःसाठी बांबू घेतले नव्हते. संत्र्याखालची तीन रोपं त्याने मुळांसकट, मातीच्या मोठ्या गोळ्यांसह खणून डालग्यात भरली होती. मी डालगं हलवून पाहिलं. हललं नाही.

"अरे, माती झटकून टाक. अर्धं वजन होईल."

"तीन दगडांएवढं झालं पाहिजे," तो म्हणाला. पट्टा कपाळावर घेतला, एक हात जमिनीला टेकवून उठला आणि उतरायला लागला.

सगळ्यांत मागून सापतोनी म्हातारी काठी टेकत चालत होती. या वयात एवढ्या लांब यायची काही गरज नव्हती, पण तिने सांगितलं की हिशेब ठेवायला कोणीतरी हवं. ओढ्यापर्यंत दारछुंगाने डालगं दोनदा टेकवलं. ओढ्यात पाय घसरला आणि तो कमरेएवढ्या पाण्यात बसला, पण डालगं त्याने भिजू दिलं नाही. म्हातारीने तेही हिशेबात धरलं. तीन. मग चढण लागली. कपाळावर पट्ट्याचा वळ उठला, मानेच्या शिरा दोरासारख्या झाल्या, घाम हनुवटीवरून गळत होता. पुढच्या वळणावर चार, त्याच्या पुढच्यावर पाच. काटा कोणाच्याच पायात मोडला नाही. आम्ही सरळ थांबत होतो.

सहाव्या वळणावर ल्यानझामाने हात वर केला आणि रेडिओ मोठा केला. खरखर, टाळ्या, मग बाईचा आवाज. मिझोराम राज्य झालं होतं. साठ माणसं बांबू खांद्यावर घेऊन उभी राहिली. कोणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला. ल्यानझामाने रेडिओ दारछुंगाच्या कानाला लावला आणि म्हणाला, "कॅप्टन, बोल काहीतरी. तुझा दिवस आहे."

दारछुंगाने पट्टा कपाळावरून न काढता इकडेतिकडे पाहिलं. कुठेकुठे राहिलेल्या आपल्या माणसांची त्याला आठवण झाली असणार, तोंडावर तसं दिसलं. मग म्हणाला, "फरक थोडासाच आहे. चला, वर पोचू." लोक इतके हसले की दोन बांबू खाली गेले.

गावाच्या वेशीवर बायका उभ्या होत्या. थुआमी सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात. तिच्या शेजारी झुआली, शाळेच्या मुलांना घेऊन. दारछुंगा शेवटच्या चढावर आला. त्याने वेशीतल्या दगडाला डालगं लावलं आणि डोळे मिटून उभा राहिला.

"किती?" थुआमीने लांबूनच विचारलं.

"नऊ," खालून म्हातारी ओरडली.

"माझे सात होते."

"तरणी होतीस," मी दारछुंगाच्या वतीने म्हणालो.

"असेन. पण याच्या पोटात कोणी नव्हतं."

सगळी वेस हसली. दारछुंगाही हसला, पण हसताना मान हलली आणि पट्टा घसरला. तेवढ्यात झुआली मुलांतून पुढे धावली, डालग्याखाली दोन्ही हात घातले आणि म्हणाली, "बा, थांब, मी धरते."

त्याने डोळे उघडले. तिने काय हाक मारली ते सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून सगळेच कुठेतरी दुसरीकडे बघायला लागले. त्याने तिला धरू दिलं. एवढ्या महिन्यांत मी त्याला कोणाला धरू देताना पाहिलं नव्हतं. बापलेक तसेच डालगं धरून घरापर्यंत गेले, आणि थुआमीच्या दारात त्यांनी ते खाली ठेवलं.

"दहा," मागून धापा टाकत आलेली सापतोनी म्हणाली.

"हे मोजू नका, पी," दारछुंगा म्हणाला. "हे घरी टेकवलं."

म्हातारीने विचार केला, तोंडातला घोट थुंकला आणि म्हणाली, बरं, नऊ. आत भात एका बाजूने लागत होता. त्याचा वास अंगणापर्यंत आला होता आणि थुआमी घाईघाईने भांडं उतरवायला गेली.